गुडघ्यामागची शीर

आमचे डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. चौदा वर्षं मी त्यांच्या हाताखाली नर्स होते आणि त्यातली पहिली दोन वर्षं तरी त्यांनी मला हॉस्पिटलच्या बाहेर ओळखलं नव्हतं. कसालच्या बाजारात समोरून येऊन मी "नमस्कार सर" म्हणायची, ते मान हलवून पुढे जायचे. चार पावलं गेल्यावर थांबायचे, मागे वळून माझ्या चपलांकडे बघायचे आणि म्हणायचे, "अरे, सिस्टर तुम्ही! उजवी टाच अजून दुखते वाटतं."

टाच खरंच दुखत असायची.

ते पायांच्या शिरांचे डॉक्टर होते. हायवेला लागून दहा खाटांचं हॉस्पिटल, मागच्या अंगाला त्यांचं राहतं घर. फुगून निळ्या पडलेल्या शिरा, वर्ष वर्ष न भरणाऱ्या जखमा, हत्तीच्या पायासारखी सूज असले पाय घेऊन मालवणपासून वैभववाडीपर्यंतची माणसं यायची. शेतात उभं राहून, होडीत उभं राहून, चुलीपुढे उभं राहून कामातून गेलेले पाय. डॉक्टर मूळचे मालवणकडचेच. मुंबईत एका मोठ्या इस्पितळात वीसेक वर्षं काढून एक दिवस उठून इकडे आले होते. का आले, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

त्यांची पाय तपासायची तऱ्हा जगावेगळी होती. पेशंटला खाटेवर झोपवायचं नाही. आधी आवारात दोन फेऱ्या चालायला लावायचं, मग एका रुंद लाकडी स्टुलावर उभं करायचं आणि स्वतः खाली जमिनीवर, चौघडी घातलेल्या गोणपाटावर बसायचं. हातात टॉर्च. तसे ते दहा-दहा मिनिटं बसायचे. कुणी म्हातारा पेशंट ओशाळून जायचा.

"डॉक्टरानु, तुमी माज्या पायाकडे बसतास. माका पाप लागात."

"पाप माका लागांदे. तुमी हलू नको."

लोकांशी ते मालवणीत बोलायचे, आमच्याशी प्रमाण मराठीत आणि स्वतःशी बोलायचे तेव्हा पुन्हा मालवणीत. एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं असेल: "उभ्या पायाक इचारा. आडवो पाय खोटा बोलता." नवी नर्स आली की पहिल्या दिवशी तिला हे सांगायचे. पाठ झालं का, हे बघायला दुसऱ्या दिवशी विचारायचेसुद्धा.

दुपारी ते हॉस्पिटलच्या मागच्या पायरीवर उभ्यानेच जेवायचे. भात आणि माशाची आमटी, एका डब्यात कालवलेली. आम्ही बायका आतल्या खोलीत डबे उघडून बसायचो. सुरुवातीला मी दोन-तीनदा म्हटलं, "सर, या ना आत." ते म्हणायचे, "हो, आलोच," आणि यायचे नाहीत. पुढे मी विचारणं सोडून दिलं. आता वाटतं, सोडायला नको होतं.

गणपतीत गावोगावचे पेशंट जेवायला बोलवायचे. डॉक्टर जायचे, पण घरापुढच्या खळ्यापर्यंतच. खळ्यात उभे राहून घरातल्या ज्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली असेल त्याला बाहेर बोलवायचे, पाय बघायचे, गणपतीला बाहेरूनच हात जोडायचे आणि निघायचे. माझ्या मुलीच्या लग्नाला आले ते सकाळी सातला. मांडवाच्या कनातीसुद्धा बांधून झाल्या नव्हत्या. आम्ही धावपळ करून खुर्ची आणेपर्यंत ते आचाऱ्याच्या पायाशी उकिडवे बसलेले! "सिस्टर, याला सोमवारी पाठवा," म्हणाले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मुलगी नंतर कितीतरी दिवस सांगत होती, डॉक्टरकाकांनी आशीर्वाद दिला तेव्हा ते माझ्या पैंजणांकडे बघत होते.

त्यांची बायको आणि मुलगा मुंबईत असायचे. बायको तिथे कॉलेजात शिकवायच्या. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दर रविवारी सकाळी अकराला डॉक्टर आवारातल्या काजूखाली उभे राहून फोन करायचे. पाच मिनिटं, फार तर सहा. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम इकडे येत नाहीत कधी?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "तिला तिकडेच बरं वाटतं." मग माझ्या चपलांकडे बघत, "भांडण वगैरे काही नाही हो सिस्टर. भांडायलाही दोघं एका घरात लागतात."

हे सगळं असलं तरी माणूस डॉक्टर म्हणून काय होता, ते मला प्रमिलाच्या वेळी कळलं.

प्रमिला वैभववाडीकडची. वय अडतीस. काजूच्या कारखान्यात गर सोलायचं काम करायची, नवरा मुंबईला नोकरीला, घरात सासू आणि एक मुलगी. ती आमच्याकडे स्वतःसाठी आलीच नव्हती. सासूच्या घोट्यावरची जखम भरत नव्हती म्हणून तिला घेऊन आली होती. आदल्या रात्री पाऊस झालेला, आवारात चिखल, म्हणून प्रमिलाने लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलेलं. डॉक्टर खाली बसून सासूची जखम धूत होते. प्रमिला सासूची चप्पल उचलायला पाठमोरी वळली आणि वाकली. डॉक्टरांचा हात थांबला.

"तू थांब," ते म्हणाले. "सरळ उभी रव."

"माका काय्येक नाय झाला," प्रमिला म्हणाली. "सासूक बघा."

"सासूक बघलंय. तू पाठ कर माज्याकडे."

तिच्या डाव्या गुडघ्यामागे, खोबणीत, एक फुगवटा होता. मला बोट ठेवून दाखवला तेव्हा दिसला, एरवी दिसला नसता. चिकूएवढा, मऊ, वरची कातडी अगदी साधी. डॉक्टरांनी त्यावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. मग वर न बघता विचारलं, "दम लागता?"

बोलली ती सासू. "दोन वेळा मरता मरता वाचली ओ ही. उभ्या उभ्या पडली. श्वासच गावना. कोल्हापुराक नेली, म्हणाले फुप्फुसात रक्ताची गुठळी आसा. गुठळी इली खंयसून, ता कोणाक समाजला नाय. पायाचो फोटो काढलो, काय गावाक नाय. सहा म्हयने गोळये खाल्ल्यान. गोळये बंद केले, परत पडली. लोक म्हणतत भायरचा आसा. मी देवाक गाऱ्हाणा घातलंय."

"पायाचो फोटो काढताना झोपवलेला?"

"होय तर. झोपवूनच काढतत ना?"

डॉक्टरांनी प्रमिलाला पालथं झोपवलं आणि पाय गुडघ्यात दुमडून वर उचलला. फुगवटा गेला. तिथे काही होतं याची खूणही राहिली नाही. पुन्हा उभं केलं, तो हळूहळू परत भरला. मग तिला उभीच ठेवून त्यांनी सोनोग्राफीच्या मशीनची दांडी गुडघ्यामागे लावली. पडद्यावर मी पाहिलं. वरून खाली सरळ नळीसारखी शीर, आणि मध्येच ती फुगून पिशवीसारखी झालेली. त्या पिशवीत काहीतरी लोंबत होतं आणि रक्ताबरोबर हलत होतं.

डॉक्टरांनी मशीन बंद केलं. दोघींना बाकावर बसवून स्वतः पुन्हा खाली बसले.

"तुमच्या गावात व्हाळ आसा?"

"आसा," सासू म्हणाली.

"व्हाळाक कोंड आसता मां? पाणी सरळ जाता, पण कोंडीत इला की गरगरता. थंय पालोपाचोळो जमता. तसाच हिच्या शिरेक झाला हा. शीर फुगान कोंड झाली. थंय रक्त घुटमळता, गोठता. आनि एखादो तुकडो सुटलो की वर जाता, फुप्फुसात. दोन खेपे गेलो. तिसऱ्या खेपेक मोठो गेलो तर..."

प्रमिलाने पहिल्यांदाच विचारलं, "म्हणजे भायरचा नाय?"

"नाय गो बाये. तुजाच आसा. आतला."

ती रडायला लागली. भीतीने रडते असं मला वाटलं. नंतर तिनेच सांगितलं, दीड वर्ष शेजारणी तिच्या हातचं हळदीकुंकू घेत नव्हत्या.

शस्त्रक्रिया करायला हवी होती, यात शंका नव्हती. पण डॉक्टर आधी म्हणाले, मुंबईला जा. असा फुगवटा धमनीला येतो ते पुष्कळ ठिकाणी बघायला मिळतं, शिरेला येणं फार दुर्मीळ. त्यांनी स्वतः सगळ्या आयुष्यात दोनदा पाहिला होता. पण मुंबई म्हणजे आठ-दहा तास पाय लोंबकळत ठेवून बसणं, आणि आत ती गुठळी हलतेय. प्रमिलाचा नवरा फोनवर म्हणाला, "तुमका योग्य वाटात ता करा." प्रमिला सासूकडे बघत होती. सासू उठून उभी राहिली, घोट्याला अर्धवट गुंडाळलेली पट्टी तशीच, आणि म्हणाली, "कोल्हापुरात मशिनीन बघल्यानी, कोणाक दिसला नाय. ह्यांका डोळ्यान दिसला. हंयच करा."

डॉक्टरांनी प्रमिलाला त्याच दिवशी दाखल करून घेतलं, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं सुरू केली. तीन दिवस तयारी चालली. कुडाळहून भुलीचे डॉक्टर येणार होते, रक्तपेढीतून चार पिशव्या आणून ठेवल्या होत्या. त्या तीन दिवसांत डॉक्टर दर तासाला तिच्या खाटेशी जायचे, पाय बघायचे, परत यायचे. जेवले किती ठाऊक नाही. डबा मागच्या पायरीवर तसाच दिसायचा.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्ही दोघं शेजारी शेजारी हात धूत होतो. त्यांनी नळ चालूच ठेवला आणि बोलायला लागले. मला वाटलं, काहीतरी सामानाचं सांगताहेत.

"मुंबईला माझ्याकडे एक जण आला होता. बँकेत होता. गुडघ्यामागे गाठ आहे म्हणाला. मी त्याला पालथा झोपवला, हात लावून बघितलं, काही लागलं नाही. गुडघ्यामागे पाण्याची गाठ येते कधी कधी, बसली असेल, महिन्याने या, म्हटलं. ओपीडीत साठ माणसं होती." ते कोपरापर्यंत पुन्हा साबण लावू लागले. "अठराव्या दिवशी तो टेबलावरच गेला. बँकेत. पोस्टमार्टेमच्या कागदावर गुडघ्यामागच्या शिरेचं नाव होतं."

मी नखांवरून पुन्हा ब्रश फिरवू लागले.

"त्याची बायको आली होती भेटायला. भांडायला नाही. नुसतं विचारायला आली होती, की काय झालं होतं त्यांना. मला तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही, सिस्टर. तिच्या पायांकडे बघत होतो. दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला होत्या."

नळ बंद करून ते आत गेले.

प्रमिलाला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवलं. गुडघ्यामागे डॉक्टरांनी नागमोडी रेघेसारखा छेद घेतला. तिथे जागा अगदी थोडी. पावलाला हालचाल देणारी मज्जातंतूची जाड दोरी मध्येच आडवी येते. तिला धक्का लागला तर पाय जन्माचा लुळा. ती त्यांनी मऊ पट्टीने उचलून बाजूला धरली आणि पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. "ओढायचं नाही. नुसतं धरायचं. लहान मुलाचं बोट धरतात तसं."

मग ती पिशवी दिसली. पिकल्या जांभळाच्या रंगाची, इतकी पातळ की आतलं रक्त फिरताना दिसत होतं. डॉक्टरांनी आधी वरच्या बाजूला चिमटा लावला, तुकडा सुटून वर जाऊ नये म्हणून, मग खालच्या बाजूला. पिशवी उघडली. आतून काळपट लालसर गुठळी निघाली, करंगळीएवढी. त्यांनी ती वाटीत ठेवली आणि एक क्षण तिच्याकडे बघत राहिले.

बाकीचं काम शिवणाचं होतं. फुगलेला जादा भाग कडेने कापून उरलेली भिंत पुन्हा नळीसारखी शिवायची. केसाहून बारीक दोरा. "ब्लाऊज आत घेतात ना," ते पुटपुटले, "तसंच. फक्त फार घट्ट घेतलं तर बंद होणार, सैल ठेवलं तर परत फुगणार." एकेक टाका घालत पाऊण तास गेला. चिमटे सोडले. शीर भरली, सरळ राहिली. एका टाक्यातून रक्ताचा थेंब आला. त्यांनी बोट ठेवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं ठेवलं, आणि काढलं. कोरडं.

बाहेर येऊन ते व्हरांड्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसले. सासू हात जोडून त्यांच्यासमोर उभी राहिली. ते म्हणाले, "तुमची पट्टी सुटली हा. बसा, बांदतंय." आणि त्यांनी तिथेच तिच्या घोट्याची पट्टी बांधून दिली.

प्रमिलाने दुसऱ्या दिवशी पावलाची बोटं हलवली, तिसऱ्या दिवशी चालली. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि उभं राहून पुन्हा पुन्हा तपासून घेतलं. शीर उघडी राहिली. दम पुन्हा लागला नाही. आज ती त्याच कारखान्यात आहे, आता सोलायला नाही, मालाची प्रतवारी करायला. शस्त्रक्रियेनंतरच्या मे महिन्यात ती फणस घेऊन आली तेव्हा डॉक्टर पायरीवर उभे होते. तिने नमस्कार केला, त्यांनी कोण कुठली अशा नजरेने मान हलवली. ती बिचारी खट्टू झाली. मी म्हटलं, "पाठ कर गो." ती वळली. डॉक्टरांनी ती बारीक पांढरी रेघ पाहिली मात्र, "प्रमिला!" म्हणून असे काही हसले की मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ती म्हणाली, "एकदा घराकडे जेवाक येवा." ते म्हणाले, "येतंय." गेले नाहीत.

त्यानंतर पाचेक वर्षांनी ते गेले. दुपारची ओपीडी आटपली होती. शेवटचा पेशंट बाहेर पडला, मी स्टूल पुसत होते आणि डॉक्टर गोणपाटावरून उठताना परत खाली बसले. हृदय बंद पडलं. आम्ही जे जे करायचं ते सगळं केलं. भुलीचे डॉक्टर कुडाळहून अर्ध्या तासात पोचले, पण त्याआधीच संपलं होतं.

मॅडम आणि मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे आले. त्या बारीक, पांढऱ्या केसांच्या, शांत बाई होत्या. आवार माणसांनी भरलेलं होतं. प्रमिलाची सासू काठी टेकत आली होती. मॅडम त्या गर्दीकडे बघत मला म्हणाल्या, "एवढी माणसं होती त्यांना?" मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्यातला एकही जण कधी त्यांच्या घराचा उंबरा ओलांडून आत गेला नव्हता. मीसुद्धा नाही. अंगावर घालायला चांगला सदरा हवा होता, तर कपाट कुठे आहे हे फक्त केरवारे करणाऱ्या बाईला माहीत होतं.

दहन झालं, माणसं पांगली. संध्याकाळी मुलगा कागदपत्रं बघत पुढच्या खोलीत बसला. मॅडमना आडवं व्हायला जागा करावी म्हणून मी आतल्या दुसऱ्या खोलीचं दार लोटलं. बाहेरून तिची खिडकी कायम बंद दिसायची, आम्हाला वाटायचं अडगळीची असेल.

आत दोन पलंग होते. दोन्हींवर स्वच्छ चादरी, कडा आत खोचलेल्या. उशांना धुतलेले अभ्रे. टेबलावर वाचायचा दिवा, त्याच्याशेजारी वहीएवढी रिकामी जागा, शिकवणाऱ्या माणसाला लागते तशी. खिडकीला पडदे. धुळीचा कण नव्हता.

केरवारेवाली दारात उभी होती. ती म्हणाली, "दर सोमवारी चादरी बदलूक सांगत. धा वर्सा मी बदलतंय. एकदा इचारलंय, कोण येवचा आसा काय? तर म्हणाले, येतली, येतली."

मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. चादरीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "दर रविवारी फोन करायचे. पाऊस, काजू, पेशंट. मी वाट बघायची, आता म्हणतील, तू ये. आणि ते विचारायचे, तुझं तिकडे बरं चाललंय ना? मी म्हणायची, हो, छान चाललंय." आत खोचलेली कड त्यांनी पुन्हा सारखी केली. "मला वाटलं, त्यांना एकटंच राहायचंय."

तिला तिकडेच बरं वाटतं, हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते सांगावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी सांगितलं. मॅडमनी मान खाली घातली, पण रडल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "आज मी इथेच झोपते. पंखा कुठल्या बटणावर आहे?"

ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी भिंतीशी उभ्या राहून एकेक बटण दाबून बघू लागलो.